आर्य-अनार्य वाद : हाडांना काय विचारायचे?

आर्य बाहेरून आले की इथलेच, हा वाद आपल्याकडे दीडशे वर्षे चालू आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त तो शूद्रातिशूद्रांच्या बाजूने मांडला. इराणातून आलेल्या भटांनी बळीचे राज्य बुडविले, हे त्यांचे म्हणणे. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली आर्यांचे मूळ घर थेट उत्तर ध्रुवाजवळ नेऊन ठेवले. एकाच आगमनाचा एकाला अभिमान, तर दुसऱ्याला त्याचा जाब विचारायचा होता. आता या वादात वेद, पुराणे आणि भाषा यांच्या जोडीला मेलेल्या माणसांची हाडे येऊन उभी राहिली आहेत. हाडातून डी. एन. ए. काढून त्या माणसाचे पूर्वज कोठून आले, हे सांगणारे शास्त्र गेल्या चाळीस वर्षांत वाढले, आणि त्या कामासाठी स्वान्ते पाबो यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे शास्त्र आपल्या विरुद्ध नाही, तसे आपल्या बाजूचेही नाही. त्याला कोणता प्रश्न विचारायचा हे आपण ठरविले नाही तर दुसरे ठरवतील. किंबहुना ठरवीत आहेत.

हे काम दिसते तितके सोपे नाही. माणूस मेला की त्याच्या पेशींतील डी. एन. ए.चे तुकडे पडू लागतात. थंड मुलखात ते हजारो वर्षे टिकतात. आपल्याकडच्या उन्हात आणि पावसात लवकर संपतात. कवटीच्या तळाशी, आतल्या कानाभोवती जे अतिशय टणक हाड असते, त्यात ते त्यातल्या त्यात राहतात. हरियाणातील राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या नगरात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि सहकारी यांनी दफनभूमी खणली. तिथले ६१ नमुने तपासले, आणि हाती काही लागले ते एकाच स्त्रीच्या हाडातून. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची ही बाई.

तिच्याविषयीचा निबंध सप्टेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिच्यात दोन धारा आढळल्या. एक इथल्या जुन्या शिकारी-संग्राहक लोकांची, अंदमानच्या आदिवासींशी लांबचे नाते सांगणारी. दुसरी प्राचीन इराणच्या लोकांशी नाते असलेली, पण तिकडे शेती सुरू होण्याच्या आधीच वेगळी झालेली. युरेशियाच्या गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा अंश तिच्यात नव्हता. त्याच सुमारास वागीश नरसिंहन, डेव्हिड राइख आणि इतरांचा दुसरा निबंध आला. त्यात मध्य आणि दक्षिण आशियातील ५२३ प्राचीन माणसे होती. गवताळ प्रदेशातील लोकांचा अंश इ. स. पूर्व २००० ते १५०० या काळात भारतात आला, असे त्यातून दिसले. आणि आज तो उत्तरेतील ब्राह्मणांसारख्या पुरोहित जातींत तुलनेने अधिक आहे, असेही.

म्हणजे ते लोक आले, पण ती बाई मातीआड झाल्यावर काही शतकांनी. तरी तिच्या हाडात ते नाहीत, म्हणून ते आलेच नाहीत, असे पत्रकारांना सांगण्यात आले. शकुंतला गाडी सुरू होण्याआधी वारलेल्या यवतमाळच्या माणसाच्या खिशात तिकीट सापडले नाही, म्हणून शकुंतला कधी धावलीच नाही, असे म्हणण्यातला हा प्रकार आहे.

प्रस्थापितांची ही लबाडी आपल्याला चटकन दिसते. पण आपल्या वस्त्यांतूनही एक कागद फिरतो आहे : आपण मूलनिवासी, ते परके, आणि आता विज्ञानानेच हे सिद्ध केले. माझ्या वर्गातील मुले तो मोबाईलवर दाखवितात. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला; छापील अक्षराचा वचक काय असतो हे मला ठाऊक आहे. म्हणूनच हे स्पष्ट सांगितले पाहिजे, की असे काही सिद्ध झालेले नाही. २००९ साली हैदराबादच्या सी.सी.एम.बी.चे कुमारसामी थंगराज आणि लालजी सिंग यांनी राइख यांच्यासह २५ समूहांतील १३२ जिवंत माणसांचे नमुने तपासले. बहुतेक सगळे समूह दोन जुन्या लोकसमूहांच्या मिश्रणातून झालेले निघाले. त्यांपैकी पश्चिम आशिया आणि युरोपशी नाते असलेला वाटा ३९ ते ७१ टक्के होता. वरच्या जातींत अधिक, खालच्यांत कमी, पण शून्य किंवा शंभर मुख्य भूमीवरच्या कोणत्याच जातीत नाही. फरक प्रमाणाचा आहे, जातकुळीचा नाही.

जातीला वंशाचा आधार देण्याचा उद्योग यापूर्वीही झालेला आहे. हर्बर्ट रिस्लेने नाकांची रुंदी मोजून जातींची उतरंड लावली : नाक जितके पसरट तितकी जात खालची. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांवरील ग्रंथात अशाच मोजमापांचे तक्ते समोर ठेवून दाखविले, की त्या आकड्यांनी ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत. रिस्लेचेच हत्यार त्यांनी त्याच्या सिद्धान्तावर चालविले. नाकाच्या जागी आज आतल्या कानाचे हाड आले, यंत्रे अचूक झाली. पण या तपासणीच्या तक्त्यातही पहिल्या रकान्यात जातीचे नाव असतेच.

आणि समजा, आपण पहिले ठरलो, तर? आधी आलेल्यालाच हक्क, असे एकदा मान्य केले की आपल्या जिल्ह्यात काय होईल? पुसद-दिग्रसकडचा बंजारा परका ठरेल, कारण त्याचे तांडे बैलांवर माल लादून उत्तरेकडून आले. आणि झरी-जामणी, मारेगाव, केळापूरच्या पोडांवरचा कोलाम? त्याची भाषा मराठीच्या कुळातली नव्हे, द्राविडी कुळातली. सरकारने त्याच्या जमातीला वर्षानुवर्षे ‘आदिम’ म्हटले. त्या आदिमपणाने त्याला ना जमीन दिली ना दवाखाना. शास्त्राच्या हिशेबात तर सगळ्यांचेच पूर्वज आफ्रिकेतून निघालेले आहेत.

मग या शास्त्राकडून आपल्याला घेण्यासारखे काय? माझ्या मते, दारे केव्हा बंद झाली, हे. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी म्हटले होते, की भारतातील लोक आधीच एकमेकांत मिसळलेले होते, जात नंतर आली. आणि जातीचा प्राण सोवळ्यात किंवा धंद्यात नसून जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे. प्रिया मूरजानी, थंगराज आणि राइख यांनी २०१३ साली ७३ समूह तपासले. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीपर्यंत सरमिसळ सर्वदूर चालली होती, भिल्लांसारख्या समूहांतही. मग ती आटली. कल्याणीच्या जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्थेतील पार्थ मजुमदार आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली वरच्या जातींपुरता हा क्षण सुमारे सत्तर पिढ्यांमागे, म्हणजे गुप्तकाळाच्या आसपास नेला. मराठा नमुन्यांत मात्र सरमिसळ त्यानंतरही काही काळ चालल्याचे त्यांना दिसले. म्हणजे बाबासाहेबांनी कागदावर तर्काने जे मांडले, ते शंभर वर्षांनी रक्ताच्या थेंबात सापडले. याचा गाजावाजा कोठे झाला?

गुप्तकाळ म्हणजे आपल्याकडे वाकाटकांचा काळ. त्यांची एक शाखा वत्सगुल्मला, म्हणजे आपल्या शेजारच्या वाशीमला होती. दुसऱ्या शाखेतील दुसऱ्या प्रवरसेनाने चर्मांक नावाचे गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिले. तो ताम्रपट अचलपूरजवळच्या चम्मकला मिळाला. ताम्रपट म्हणजे बेटीबंदीचा हुकूम नव्हे, हे मला समजते. पण राजसत्ता जमीन आणि मान कोणाकडे वळवीत होती, ते त्यावरून कळते.

आजच्या माणसांच्या रक्तावरून काढलेल्या या तारखा अंदाजाच्या आहेत. त्या पक्क्या करायच्या तर त्या काळातली हाडे हवीत. घोडनदीकाठच्या इनामगावात घराच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली मुले सापडली, नागपूरजवळच्या माहूरझरीला शिळावर्तुळांत माणसे आणि घोडे सापडले. पण ते सगळे कितीतरी आधीचे. नंतरच्या काळातल्या ज्यांना अग्नी मिळाला, त्यांचा डी. एन. ए. राखेत गेला. लाकूडफाटा ज्यांना परवडत नव्हता, त्यांनी आपल्या माणसांना माती दिली. त्यामुळे काही शिल्लक असेल, तर ते बहुधा गरिबांचे असेल.

नागपूर विद्यापीठाने २०२३-२४ मध्ये बाभूळगाव तालुक्यातील पाचखेडची पांढरी खणली. लोहयुगापासून सातवाहनांपर्यंत आणि पुढे मध्ययुगापर्यंतचे थर तिथे मिळाले. एका गोल घराची चुन्याची जमीन आणि चूलही मिळाली. अशा एखाद्या पांढरीजवळ वाकाटककाळातील पुरलेला माणूस निघाला, तर त्याची कवटी जपून ठेवली पाहिजे. आईकडून आणि बापाकडून आलेले डी. एन. ए.चे पट्टे लांबवर सारखे असतील, तर दोघे एकाच आटोपशीर गोतातले. वेगवेगळे असतील, तर दारे अजून उघडी होती. आर्य की अनार्य हे विचारण्याआधी त्या कवटीला हे विचारावे.