सात भागिले दोन : तीन की साडेतीन?

त्रिकोणाचे क्षेत्रफळ = १/२ × पाया × उंची. पाया ६ सेंमी आणि उंची ४ सेंमी असेल तर उत्तर १२ चौरस सेंमी. आता हेच सूत्र, याच क्रमाने, पायथन या संगणकभाषेत लिहू या. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत उत्तर यायचे शून्य! तिसऱ्या आवृत्तीत येते १२.०. मग संगणक गणितात चुकत होता का? नव्याने प्रोग्रॅम लिहू लागलेल्या विद्यार्थ्याचा हा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर इतिहासात सापडते.

आयबीएम कंपनीने १९५७ साली फोरट्रॅन ही भाषा वापरात आणली. संगणकात पूर्णांक आणि दशांश संख्या वेगवेगळ्या पद्धतीने साठवल्या जातात. म्हणून फोरट्रॅनमध्ये नियम ठरला : पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की उत्तरही पूर्णांकच, अपूर्णांकाचा भाग सोडून द्यायचा. म्हणजे ७ / २ = ३ आणि १ / २ = ०. यात गैर काहीच नाही. सात पेन्सिली दोघांना वाटताना आपणही प्रत्येकी तीनच देतो, एक उरते. पुढे १९७० च्या दशकात डेनिस रिची यांनी घडवलेल्या सी भाषेतही हाच नियम राहिला.

अ‍ॅमस्टरडॅमच्या गणित व संगणकशास्त्र संस्थेत काम करणाऱ्या खिदो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या अखेरीस पायथनची रचना सुरू केली. १९९१ साली ती लोकांसमोर आली. भागाकाराचा नियम त्यांनी सीप्रमाणेच ठेवला. पण एक फरक होता. सीमध्ये कोणत्या नावात पूर्णांक राहील आणि कोणत्या नावात दशांश संख्या, हे आधीच सांगावे लागते. पायथनमध्ये तसे बंधन नाही. त्यामुळे प्रोग्रॅमची तीच ओळ ७ दिल्यावर ३ म्हणे आणि ७.० दिल्यावर ३.५! नुसती ओळ वाचून काय घडेल ते सांगता येईना.

२००१ साली यावर तोडगा मांडला गेला : क्रिया दोन आहेत, तर चिन्हेही दोन असावीत. त्या वर्षीच्या डिसेंबरात आलेल्या २.२ आवृत्तीत पूर्णांकी भागाकारासाठी // हे चिन्ह आले. जुन्या / चिन्हाचा अर्थ मात्र लगेच बदलला नाही, कारण आधी लिहिलेले असंख्य प्रोग्रॅम बिघडले असते. तो बदल डिसेंबर २००८ मध्ये, ३.० आवृत्तीत झाला. दुसऱ्या आवृत्तीची देखभाल २०१५ पर्यंतच करायची असे ठरले होते. ती मुदत वाढवावी लागली आणि १ जानेवारी २०२० रोजी संपली.

तिसऱ्या आवृत्तीत इतरही बदल झाले. उदाहरणार्थ, प्रिंट या आज्ञेला कंस आवश्यक झाला. जुन्या पुस्तकातला बिनकंसाचा प्रोग्रॅम नव्या संगणकावर चालवला तर तो अडतो, चूक दाखवतो, आणि विद्यार्थी निदान सावध तरी होतो. भागाकाराचे तसे नाही. तिथे प्रोग्रॅम विनातक्रार चालतो, फक्त उत्तर बदलते. आमच्या मते असा मूक फरकच अधिक धोक्याचा.

म्हणून विद्यार्थ्याच्या वहीतले उत्तर पुस्तकाशी जुळले नाही, तर फुली मारण्यापूर्वी विचारावे : पुस्तक कोणत्या आवृत्तीचे, संगणकावर कोणती? आणि प्रत्येक नवा प्रोग्रॅम हाताने सोडवता येईल अशा एखाद्या उदाहरणावर आधी पडताळून पाहावा.

वर्गासाठी एक प्रश्न : −७ भागिले २ याचे पूर्णांकी उत्तर सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणित आवृत्तीनुसार −३ येते, पायथनच्या // ने −४. दोन्ही ठिकाणी बाकी किती उरली असेल?