बिनतारी हुकूम आणि चिमुकली मोटार

कलकत्त्याला उच्च न्यायालयाच्या शेजारी टाऊन हॉलची इमारत उभी आहे. १८१३ साली ती बांधून पुरी झाली. तिच्या जाडजूड डोरिक खांबांआड किती सत्कार आणि किती निषेधसभा झाल्या असतील! पण १८९५ साली तेथे जे घडले ते यांपैकी कशातच मोडत नाही. प्रेसिडेन्सी कॉलेजातील प्राध्यापक जगदीशचंद्र बसू यांनी तेथे विद्युत्‌लहरींचा प्रयोग करून दाखविला. लहरी भिंतींतून आरपार गेल्या. चरित्रकार सांगतात त्याप्रमाणे लेफ्टनंट गव्हर्नरसाहेबांच्या देहातूनही गेल्या. आणि दूरच्या खोलीत घंटा खणखणली, बंदुकीच्या दारूचा बार उडाला. मध्ये तार म्हणून नव्हती.

आज शर्यतीच्या धावपट्टीवर मुले, आणि खरे सांगायचे तर मुलांचे वडीलच अधिक, खऱ्या मोटारीच्या एक दशांश आकाराची गाडी हातातल्या पेटीवरून हाकताना दिसतात. या खेळण्याची वंशावळ शोधू लागले, की एक धागा या सभागृहापाशी येऊन पोहोचतो.

ज्या परिस्थितीत हे काम झाले ती ध्यानात घेतली पाहिजे. १८८५ साली बसू नोकरीला लागले, तेव्हा गोऱ्या प्राध्यापकांहून कमी वेतन त्यांच्या वाट्याला आले. त्यांनी तीन वर्षे शिकविले, पण वेतनाला हात लावला नाही. अखेर पूर्ण वेतन मागील बाकीसह मिळाले. (आम्हा सरकारी नोकरांना या तीन वर्षांचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही.) प्रयोगशाळा म्हणजे एक चिंचोळी खोली. उपकरणे स्थानिक कारागिराकडून घडवून घेतलेली. लहरींचे ध्रुवण पाहण्यासाठी त्यांनी रेल्वेच्या वेळापत्रकाच्या पानांत कथलाचे पातळ पत्रे घातले; पिळलेल्या तागाच्या जुड्याही वापरल्या. बंगालात तागाला काय तोटा!

बसूंचे बरेचसे श्रम लहरी टिपणाऱ्या ग्राहकावर खर्च झाले. फ्रान्सच्या ब्रान्ली यांची नळी तेव्हा प्रचारात होती. लहर आली की तिच्यातील धातूचा कीस चिकटून बसे आणि पुढचा हुकूम ऐकण्यापूर्वी नळीला टिचकी मारावी लागे. बसूंनी किसाऐवजी बारीक स्प्रिंगा बसविल्या आणि त्यांवरील दाब कमीजास्त करण्याची सोय केली. पुढे गॅलिना या खनिजाचा ग्राहक त्यांनी सिद्ध केला. पेटंट घेण्याची त्यांना हौस नव्हती. स्नेह्यांच्या आग्रहाने १९०१ मध्ये अर्ज झाला आणि १९०४ मध्ये अमेरिकेचे पेटंट मिळाले.

तथापि अभिमानाच्या भरात बसूंच्या पदरी नसलेले श्रेय टाकणेही योग्य नव्हे. घंटा एकदाच हुकूम मानते. गाडीला तो क्षणोक्षणी मानावा लागतो. ती पायरी निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये पाण्याच्या हौदात बिनतारी नाव चालवून गाठली. खेळाच्या मोटारी यायला मात्र त्यानंतर सुमारे सात दशके लागली: १९६६ च्या सुमारास इटलीत फेरारीची लहान प्रतिकृती निघाली, १९७६ मध्ये जपानच्या तामिया कंपनीची पोर्शे आली, आणि मग हा छंद घरोघर पसरला.

हुकमाची भाषा अगदी साधी आहे. सुकाणूच्या मोटरीला सेकंदाला अनेक वेळा एक स्पंद पोहोचतो. तो सुमारे दीड सहस्रांश सेकंदाचा असला तर चाके सरळ. थोडा आखूड वा लांब झाला की ती डावीउजवीकडे वळतात. पूर्वी २७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात प्रत्येक चालकाला आपला स्फटिक सांभाळावा लागे. दोघांचे स्फटिक सारखे निघाले, की एकाचा हुकूम दुसऱ्याची गाडी ऐके आणि भिंतीवर आदळे. आता २.४ गिगाहर्ट्‌झवर पेटी व गाडी एकमेकींची खूण पटवून घेतात. या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर भरते. बसूंच्या लहरी त्याहून कितीतरी आखूड, पाच मिलिमीटरपर्यंतच्या होत्या.

मंडळाच्या शर्यतीसाठी गाडीचा संच घेणाऱ्याने बसूंचीच वाट धरावी, असे मला वाटते. नवखा पहिल्या दिवशीच जोरदार मोटर विकत घेतो आणि दुसऱ्या वळणावर गाडी उलटवतो. आधी आपल्या मंडळाचे नियम वाचावे, आणि ज्याचे सुटे भाग गावात मिळतात तोच संच निवडावा, कारण पुढची टक्कर ठरलेली असते. स्वस्त संचात चाकांच्या आसांना बहुधा प्लास्टिकचे बुश असतात. ते काढून बॉल बेअरिंगे बसवावी. मग धावपट्टीला साजेसे टायर घ्यावे. त्यानंतर तेल भरलेले धक्काशोषक बसवावे. आपल्याकडे उन्हाळ्यात तेल पातळ होते, म्हणून ते थोडे घट्ट घालावे. सुकाणूची मोटर चपळ व अचूक असावी. एवढे झाल्यावर गाडी दहा फेऱ्या न अडखळता काढू लागली, म्हणजे मोठ्या मोटरीची किंमत विचारायला हरकत नाही.