भिंतीवरून उतरलेलं जंगल

धाग्यातलं जंगल युरोपात कितीतरी शतकं भिंतीवरच राहिलं. पंधराव्या-सोळाव्या शतकांत फ्लँडर्सचे विणकर पानावेलींनी गच्च भरलेल्या लोकरी टॅपेस्ट्री विणत. गार दगडी भिंतींवर त्या लावल्या की ऊब मिळे, डोळेही निवत. १८८७ साली इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिसच्या कारखान्यात ‘द फॉरेस्ट’ ही टॅपेस्ट्री विणली गेली. तिच्यातले सिंह, मोर, ससा फिलिप वेबने रेखाटलेले. देखणं काम, पण ते जंगल समोर उभं राहूनच बघायचं.

पोलंडच्या माग्दालेना आबाकानोविच यांनी साठच्या दशकात त्याला भिंतीपासून सोडवलं. बंदरातले टाकाऊ दोरखंड जमवायचे, उसवायचे, धुऊन रंगवायचे आणि त्यांतून छताला टांगायचे अजस्र आकार विणायचे. बघणारा आता त्यांच्याभोवती फिरू लागला. माग मात्र त्यांनी सोडला नव्हता.

भारतीय शिल्पकार मृणालिनी मुखर्जींच्या कामात तर माग मुळी नव्हताच. म्हणून त्यांना आबाकानोविचच्या मागे नेऊन उभं करणं मला पटत नाही. त्यांच्या कामाचं मूळ बडोद्यात आहे. १९४९ साली मुंबईत जन्म, वडील चित्रकार बिनोदबिहारी, आई शिल्पकार लीला, बालपण डेहराडूनच्या झाडीत. बडोद्याला कला शिकताना त्यांना के. जी. सुब्रमण्यन गुरू लाभले. हे गुरू १९५९ ते ६१ मुंबईत हातमाग मंडळात काम करून आलेले. कारागिराचा हात आणि कलावंताचा हात यांत त्यांनी कधी डावं-उजवं केलं नाही, आणि तेच विद्यार्थ्यांत उतरलं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच मृणालिनींनी वाखाची दोरी हाती घेतली. दोरी बाजारातली, साधी. कागदावर आधी आराखडा नाही. दोरी रंगवायची, आतल्या लोखंडी सांगाड्याच्या आधाराने गाठीमागून गाठ मारत जायचं. आपल्याकडे घरोघरी कुंड्या टांगायला मॅक्रमे करत, त्यातल्याच जातीची गाठ. ती घट्ट आवळली की दोरी ताठ उभी राहते, सैल सोडली की लोंबते. त्यातूनच एक घडी उघडते, दुसरी मिटते. एकेका शिल्पाला महिनेच्या महिने लागत. शेवटी माणसाहून उंच असं काहीतरी उभं राही, जे कळी आहे की देह हे ठरवता येत नाही.

त्यांनी नावंही तशीच दिली: ‘यक्षी’, ‘वनश्री’, ‘अरण्यानी’. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १४६वं सूक्त ज्या वनदेवतेचं, तीच ही अरण्यानी. मॉरिसच्या जंगलाला आपण बघतो. ‘यक्षी’समोर उभं राहिलं तर तीच आपल्याला निरखते आहे असं वाटतं. झाडात वस्ती करणारी देवता इथल्या माणसाला नवी नाही. म्हणूनच या शिल्पांना निसर्गाची नक्कल म्हणणं मला अपुरं वाटतं.

पुढे मनाजोगती दोरी मिळणं अवघड होत गेलं. १९९६ साली नेदरलँड्समध्ये त्यांनी मातीत काम सुरू केलं, नंतर ब्राँझ आलं. जानेवारी २०१५ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं सिंहावलोकन प्रदर्शन उघडलं आणि काही दिवसांतच, २ फेब्रुवारीला, त्या गेल्या. न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयरने २०१९ साली त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. ‘यक्षी’ आता त्याच शहरातल्या मोमा संग्रहालयात आहे. १९६९ साली तिथे विणकामाचं जे प्रदर्शन भरलं होतं, त्याचं नावच ‘वॉल हँगिंग्ज’ होतं.