डॉट-पीसी फाइलीचं घराणं

सी भाषेतल्या प्रोग्रामला दुसऱ्याची लायब्ररी वापरायची, तर कंपायलरला दोन गोष्टी सांगाव्या लागतात: हेडर फाइली कुठे आहेत आणि लिंक करताना काय काय जोडायचं. दर मशीनवर उत्तर वेगळं. जीटीके लायब्ररीपुरता यावरचा तोडगा ओवेन टेलर यांनी काढला. त्यांची 'जीटीके-कॉन्फिग' ही स्क्रिप्ट लायब्ररीसोबतच इन्स्टॉल व्हायची आणि विचारलं की लागणारे फ्लॅग छापून द्यायची.

युक्ती सोयीची, त्यामुळे नकला झाल्याच. मिगेल दे इकाझा, राजा हरिनाथ आदी ग्नोम डेस्कटॉपच्या मंडळींनी 'ग्नोम-कॉन्फिग' लिहिलं. इतर लायब्रऱ्यांनीही आपापल्या स्क्रिप्टा काढल्या. मग घोळ सुरू झाला. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या असल्या, की पाथमध्ये जिची स्क्रिप्ट आधी सापडेल तिचंच उत्तर खरं!

2000च्या सुमारास ऑस्ट्रेलियाच्या जेम्स हेन्स्ट्रिज यांनी 'पीकेजी-कॉन्फिग' लिहिलं तेव्हा तीही शेल स्क्रिप्टच होती. पण लायब्रऱ्यांना आता स्वतःची स्क्रिप्ट लिहायची नव्हती. प्रत्येकीने फक्त डॉट-पीसी नावाची साधी मजकुराची फाइल ठेवायची: नाव, आवृत्ती, कोणावर अवलंबून, कोणते फ्लॅग. दहा-बारा ओळींत काम संपतं. वाचणारा प्रोग्राम एकच; अवलंबित्वाची साखळी तोच शेवटपर्यंत उलगडतो. आवृत्ती विचारा, फ्लॅग विचारा, नुसतं 'आहे का' विचारा. माझ्या मते खरी कमाई ही फाइल. प्रोग्राम तिचा वाचक.

वाचक बदलतच राहिले. मार्टाइन व्हान बेअर्स यांनी तो पुन्हा लिहिला, मग हॅवॉक पेनिंग्टन यांनी सी भाषेत, जीलिब लायब्ररीच्या आधारावर. इथे एक गमतीची गाठ पडली: जीलिब बिल्ड करताना पीकेजी-कॉन्फिग हवं आणि पीकेजी-कॉन्फिग बिल्ड करायला जीलिब! शेवटी जीलिबची एक प्रत पीकेजी-कॉन्फिगच्याच सोर्समध्ये बाळगायची वेळ आली.

ही गाठ 'पीकेजीकॉन्फ'ने सोडवली. 2011मध्ये सुरू झालेल्या या नव्या वाचकाला जीलिब लागतच नाही. लिनक्स वितरणांपैकी फेडोराने तो 2017मध्ये घेतला, डेबियनने 2023च्या बुकवर्म आवृत्तीत. तिथे आज जुनीच कमांड टाइप केली तरी आत धावतो तो हा नवा प्रोग्राम, आणि लायब्रऱ्यांना त्यासाठी आपल्या डॉट-पीसी फाइली नव्याने लिहाव्या लागल्या नाहीत.