पाणलोटाचा नकाशा कोण काढणार?

२० मार्च आला की आपण महाडला जातो, क्रांतिस्तंभाला अभिवादन करतो आणि परत येतो. चवदार तळ्यात पाणी येते कोठून, हे मात्र आपण फारसे विचारत नाही. आमच्या मते तोच प्रश्न आज विचारला पाहिजे.

तळे भरते पावसाने आणि काही झऱ्यांनी. पाऊस जात पाहून पडत नाही. महारवाड्याच्या छपरावर पडलेले पाणीही उताराने खालीच जाते. जात आडवी येते ती पाणी काठावर आल्यावर. सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले असल्याचा ठरावही केला. तरी ओंजळभर पाण्यासाठी १९२७ चा सत्याग्रह करावा लागला. सनातन्यांनी तळे ‘शुद्ध’ केले, नगरपालिकेने ठराव मागे घेतला आणि प्रकरण कोर्टात गेले. तळे खाजगी आहे, अस्पृश्यांना मज्जाव करण्याची वहिवाट अनादी आहे, असा वादींचा दावा होता. अशी वहिवाट सिद्ध झाली नाही, असा निकाल मुंबई हायकोर्टाने १७ मार्च १९३७ रोजी दिला. दहा वर्षांची ही लढाई रस्त्यावर झाली, तशीच नोंदी आणि पुराव्यांवरही झाली. हे विसरून चालणार नाही.

‘पर्यावरण हा आपला विषय नाही’ असे आपलेच काही मित्र म्हणतात. त्यांनी बाबासाहेबांचा १९४२ ते १९४६ हा काळ पाहावा. व्हाइसरॉयच्या मंडळात ते मजूरमंत्री होते आणि सिंचन व वीज हे विषय त्यांच्याकडे होते. १९४३ साली दामोदर नदीला महापूर आला. नदी बिहार आणि बंगाल या दोन प्रांतांतून वाहणारी. तिचे खोरे एकच घटक मानून नियोजन झाले पाहिजे, ही भूमिका त्यांनी पुढे नेली. १९४८ च्या कायद्याने दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले. नदी प्रांताची हद्द ओळखत नाही, हे त्यांनी धोरणात आणले. मग ओढ्याने गावकुसाची हद्द का ओळखावी?

आता आपल्या गावाकडे या. ‘पाणलोटाची कामे झाली की सगळ्यांच्या विहिरी भरतात’ असे पुढारी सांगतात. पण ज्याला विहीरच नाही त्याचे काय? १८८२ च्या इझमेंट कायद्यापासून जमिनीखालचे पाणी जमीनमालकाचे मानले गेले. त्यामुळे बांध घालणारा भूमिहीन मजुरी घेऊन घरी जातो आणि मुरलेले पाणी मोटारवाला उपसतो. हे अटळ नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर न ठरवता कुटुंबातील माणसांवर ठरवला, भूमिहीनांचाही हक्क मान्य केला आणि ऊस वर्ज्य केला. वाटपाचा नियम बदलता येतो, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

मित्रांनो, पूर्वी नकाशा तलाठ्याच्या दप्तरात असे आणि दप्तर उघडायचे की नाही हे गावचे वतनदार ठरवत. आज इस्रोचे ‘भुवन’ आणि केंद्राचे ‘इंडिया-डब्ल्यूआरआयएस’ मोबाईलवर उघडते. आपल्या ओढ्याचा माथा कोठे आणि पायथा कोठे, बंधारा कोणाच्या रानात झाला, हे पाहता येते. पण उपग्रहाला ओढा दिसतो, पाणवठ्यावरची जात दिसत नाही. ती आपणच नोंदवली पाहिजे. ‘ओपनस्ट्रीटमॅप’वर कोणालाही भर घालता येते. वस्तीची विहीर, बंद पडलेला हातपंप, ओढ्यात सोडलेले सांडपाणी जागेवर जाऊन नोंदवा. कोणत्या महिन्यात विहीर आटते, टँकर कोठे थांबतो आणि वस्तीपर्यंत येतो का, याची तारीखवार वही वस्तीतल्या बायाबापड्यांना विचारून भरा, कारण पाणी भरणाऱ्यालाच ते नेमके ठाऊक असते. नकाशा आणि वही घेऊन ग्रामसभेत उभे राहा. पुढच्या बंधाऱ्याची जागा ठरताना आपला प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्या.

महाडची लढाई पाणी पिण्याच्या हक्काची होती. आजची लढाई पाणी मुरते कोठे आणि उपसतो कोण, हे ठरवण्याच्या हक्काची आहे. येत्या २० मार्चला महाडहून परतताना आपल्या गावचा ओढा माथ्यापर्यंत चालून पाहू.

जय भीम!