प्लेगचा जमाखर्च

मराठी वाचकाच्या स्मरणात १८९७ सालचा प्लेग उरला आहे तो मुख्यतः गणेशखिंडीच्या रस्त्यावरील पिस्तुलांच्या आवाजापुरता. २२ जूनची ती रात्र, व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाची रोषणाई, रँड आणि आयर्स्ट ह्यांच्यावर झालेला हल्ला, चापेकर बंधूंची फाशी, टिळकांवरील राजद्रोहाचा खटला : ह्या क्रमाने ती हकीकत चरित्रांतून, नाटकांतून आणि पुढे चित्रपटातून सांगितली गेली. त्यात खोटे काही नाही. परंतु रोगापेक्षा सूड आणि सूडापेक्षा हौतात्म्य मोठे होत गेल्यामुळे एक साधा प्रश्न बाजूला पडला. सरकारने हे सारे का केले, आणि मुंबईत ज्या सरकारला दोन पावले मागे यावे लागले, ते पुण्यात का मागे आले नाही? ह्या प्रश्नाचे उत्तर वैद्यकात फारसे सापडत नाही. ते बंदराच्या जमाखर्चात सापडते.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस ह्या गोमंतकीय वैद्याने पहिला रुग्ण ओळखला. मांडवी म्हणजे गोदीलगतची धान्याच्या वखारींची वस्ती. पोत्यांच्या थप्प्यांत उंदीर मरून पडत होते. पण उंदीर, पिसू आणि मनुष्य ह्यांचा संबंध सिमोंद ह्या फ्रेंच वैद्याच्या ध्यानी आला तो १८९८ मध्ये, आणि तो सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. तेव्हा मरणाची जागा म्हणजे गरिबाचे घर, असा सोयीचा समज रूढ झाला. वृत्तपत्रे ह्या रोगाला ‘ग्रंथिक सन्निपात’ असे भारदस्त नाव देत होती. चाळीतला माणूस नुसते ‘गाठीचा रोग’ म्हणे.

म्युनिसिपल कमिशनर स्नो ह्यांनी ६ ऑक्टोबर १८९६ च्या जाहीरनाम्याने रोग्याला सक्तीने इस्पितळात नेण्याचा अधिकार घेतला. महिना उलटण्याच्या आत, २९ ऑक्टोबरला, हजाराच्या आसपास गिरणीकामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली. दुसऱ्याच दिवशी जाहीरनाम्याची धार बोथट करण्यात आली. स्नो ह्यांना खरी धास्ती दंग्याची नव्हती. हलालखोर आणि बिगारी, म्हणजे शहराचा मैला आणि कचरा उचलणारे लोक, भिऊन गावी निघून गेले तर मुंबई राहण्याजोगी उरणार नाही, ही त्यांची धास्ती होती आणि त्यांनी ती लपवलेली नाही. एरवी ज्यांची सावली टाळली जाई, त्यांच्या जाण्याच्या नुसत्या शक्यतेने सरकारी हुकूम वाकला. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात ह्या प्रसंगाला मिळायला हवी होती तेवढी जागा मिळालेली नाही.

पाठोपाठ गिरण्यांचा प्रश्न आला. १८९७ च्या प्रारंभी काही आठवड्यांत मुंबईची निम्म्याजवळ वस्ती शहर सोडून गेली. कोकणात, घाटावर, जिथे ज्याचे घर होते तिथे तो गेला. चाती चालवायला हात उरले नाहीत, तेव्हा मालक रोजच्या रोज रोख मजुरी देऊ लागले. एरवी पगार महिन्याचा आणि तोही उशिराने हातात पडायचा. आता नाक्यानाक्यावर मजुरांसाठी बोली लागू लागली आणि गिरणीमालकांच्या संघाला आपल्याच सभासदांना आवर घालण्याची चिंता पडली. मुंबईच्या मजुराने आपली किंमत वाढताना पाहिली ती, दुर्दैवाने, अशा मृत्युकाळात.

सरकारची नजर मात्र ह्याहून लांब, समुद्रापलीकडे होती. मुंबईहून निघालेल्या जहाजांना युरोपातील बंदरे संशयाने पाहू लागली होती. हिंदुस्थानचा कापूस, धान्य, कातडी ह्यांवर बंदी आली तर निर्यात थांबणार. निर्यात थांबली तर त्या व्यापारावर उभा असलेला इंग्लंडचा सारा हिशेब ढासळणार. १८९७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हेनिस येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. तिथे ब्रिटिश प्रतिनिधींना काही दाखवणे भाग होते : आम्ही कठोर आहोत, आमच्यावर विश्वास ठेवा. त्या वर्षी मुंबईहून निघणारी हजची यात्राही बंद ठेवण्यात आली. व्हेनिसची परिषद चालू होण्याच्या सुमारासच, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, कलकत्त्यास साथरोगांचा कायदा संमत झाला. विधेयक मांडले गेले होते २८ जानेवारीला. इतक्या व्यापक अधिकारांचा कायदा एका आठवड्यात व्हावा, ही घाई कोणासाठी होती हे तारखाच सांगतात.

कायदा अवघ्या चार कलमांचा होता. सरकारला वाटतील ते नियम करण्याची मुभा. ते मोडणाऱ्यास दंडविधानाच्या १८८ व्या कलमाखाली शिक्षा. आणि सद्हेतूने वागणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावण्यास बंदी. रोग्याला काय मिळेल, ज्याचे सामान जाळले वा घर पाडले त्याला कोणता हक्क राहील, ह्याविषयी त्यात अवाक्षर नाही. त्या कायद्याच्या बळावर पुढे प्रांतोप्रांती नियम झाले; मद्रास इलाख्यात तर बाहेरगावच्या प्रवाशाला प्लेगचा परवाना घेऊन काही दिवस रोज हजेरी द्यावी लागे.

पुण्यात ह्या कायद्याचा अंमल करावयास वॉल्टर चार्ल्स रँड हे सनदी अधिकारी फेब्रुवारीत आले. समितीत त्यांच्यासह कर्नल फिलिप्स आणि डॉ. बेव्हरिज होते, हाताशी आठशेहून अधिक सैनिक होते. मार्चच्या मध्यापासून १९ मेपर्यंत घरझडत्या चालल्या. देवघरात बूट गेले, स्वयंपाकघरात गेले, बायकांना रस्त्यावर उभे करून तपासले गेले. देशी शिपायांपेक्षा गोरे सैनिक अधिक विश्वासू, असे रँड ह्यांचे मत होते. दोन लाखांहून अधिक वेळा घरे झडली. घरे तीच, फेऱ्या अनेक. एवढ्यातून हाती लागलेले जिवंत रुग्ण साडेतीनशेच्याही आत. कोणत्याही व्यापाऱ्याने असल्या धंद्याची वही दुसऱ्याच महिन्यात बंद केली असती.

मग ती बंद का झाली नाही? मुंबईत सरकार मवाळ होते असे नव्हे. मार्चमध्ये तिथेही ब्रिगेडियर जनरल गॅटेकर ह्यांची प्लेग समिती बसली, सैनिकांसह झडत्या झाल्या. परंतु गॅटेकर ह्यांना जमातींच्या पुढाऱ्यांना हाताशी धरावे लागले, जातवार खाजगी इस्पितळांना वाट द्यावी लागली. मुंबईचा मजूर निघून जाऊ शकत होता आणि त्याच्या जाण्याने नुकसान कोणाचे होते हे सरकारला कळत होते. पुण्याच्या पेठांतून कोणी निघून गेल्याने लंडनला एक पैशाचाही तोटा नव्हता. बंदर नाही, गिरण्यांची रांग नाही. होता तो कारकून, शिक्षक, भिक्षुक, वकील, लहान दुकानदार आणि त्यांची वृत्तपत्रे. शेजारी छावणी होती, म्हणून सैन्य स्वस्त पडत होते. शिवाय हे शहर सरकारच्या मनातून आधीच उतरलेले. पुण्याला शिस्त लावून व्हेनिसला कठोरपणाचा दाखला देता येत होता, आणि त्याची किंमत फार नाही असा सरकारचा अंदाज होता. २२ जूनने तो चुकवला. रँड ह्यांचा स्वभाव करडा होता हे खरे. पण एका माणसाच्या स्वभावावर सारे ढकलून दिले की धोरण निर्दोष सुटते, आणि इतिहासलेखनात नेमके तसेच झाले आहे.

ह्या वर्षातले गोपाळ कृष्ण गोखले ह्यांचे प्रकरणही ह्याच अंगाने पुन्हा वाचले पाहिजे. गोखले तेव्हा इंग्लंडमध्ये होते ते वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला. हिंदुस्थानचा पैसा कोण, कोणासाठी, कोणाला विचारून खर्च करतो, हा त्या साक्षीचा विषय. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सैनिकांच्या अत्याचारांची वाच्यता तिथल्या वृत्तपत्रात केली आणि परतल्यावर पुरावा पुढे करता न आल्याने ऑगस्टमध्ये जाहीर माफी मागितली. पत्र लिहिणारी माणसे पुण्यातच होती. नाव सांगण्याची हिंमत कोणाची झाली नाही. कायद्याच्या चौथ्या कलमाने दाद मागण्याची वाट जिथे आधीच अरुंद केली होती, तिथे पुरावा आणायचा कोठून, हे गोखल्यांना नेभळट म्हणणाऱ्यांनी विचारले नाही. पंडिता रमाबाईंनीही पुण्याच्या प्लेग इस्पितळातील गैरव्यवस्थेविषयी मुंबईच्या पत्रातून उघड लिहिले होते. सरकारने तेही खोटे ठरवले.

टिळकांची भूमिका ह्या काळात एकसुरी नव्हती. ‘केसरी’ने रोग्यांना वेगळे ठेवण्याची आवश्यकता आरंभी मान्य केली होती, हिंदू प्लेग इस्पितळाच्या उभारणीत टिळक स्वतः होते, शहर सोडून पळालेल्या पुढाऱ्यांना त्यांनी बोलही लावले. त्यांचा आक्षेप उपायावर नव्हता, तो करणाऱ्याच्या रीतीवर होता. सप्टेंबर १८९७ मध्ये त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली, नातू बंधूंना खटल्याशिवाय स्थानबद्ध केले गेले, आणि पुण्यावर जादा पोलीस बसवून त्यांचा खर्च पुणेकरांकडूनच वसूल करण्यात आला. रोगाचाही दंड, दंगलीचाही दंड.

पेठांच्या बाहेर काय चालले होते, ते ह्या गदारोळात कमी ऐकू येते. हडपसरच्या बाजूला माळरानावर डॉ. यशवंत फुले ह्यांनी उपचाराची सोय केली होती. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला तिथे पोहोचवताना सावित्रीबाईंना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या निवर्तल्या. रँड ह्यांचे सैनिक पेठांत शिरण्याच्या जेमतेम काही दिवस आधीची ही गोष्ट. तिथे ना सैन्य होते ना सक्ती. रोगी तिथे आणून घातले जात होते, कारण आणणाऱ्यावर लोकांचा विश्वास होता.

वैद्यकाने ह्या काळात एकच मोठी गोष्ट केली. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका खोलीत वाल्देमार हाफकिन ह्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तिची परीक्षा झाली. पुढे १९०२ मध्ये पंजाबातील मलकोवाल येथे टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली तेव्हा दोष हाफकिन ह्यांच्यावर ठेवण्यात आला आणि त्यातून मोकळे होण्यास त्यांना काही वर्षे झगडावे लागले.

९ मार्च १८९८ रोजी मुंबईच्या मदनपुऱ्यात जुलाह्यांच्या वस्तीत झडतीवाल्यांना अडवले गेले, गोळीबार झाला, आणि मागोमाग गोदीकामगार व गाडीवाले काम टाकून बसले. गोदी थांबणे म्हणजे काय हे सरकारला समजावून सांगावे लागत नाही. हळूहळू झडत्या संपल्या, सक्ती ढिली पडली. ह्या माघारीचे श्रेय लोकमताला दिले जाते आणि ते काही अंशी योग्यही आहे. परंतु एक आकडा शेजारी ठेवावा लागतो. प्लेगने हिंदुस्थानात सर्वाधिक माणसे मारली ती १८९७ मध्ये नव्हे. १९०४ आणि १९०७ ह्या वर्षांत प्रत्येकी दहा लाखांहून अधिक मृत्यू झाले. दोन दशकांची बेरीज एक कोटीच्या पुढे जाते. मृत्यू वाढत गेले तशी सक्ती कमी होत गेली, कारण एव्हाना व्हेनिसच्या नियमांनी जहाजांचा मार्ग मोकळा ठेवला होता आणि रोग युरोपात पसरत नाही हे दिसून आले होते. खेड्यातला शेतकरी मरत होता. त्याच्यासाठी परिषद भरणार नव्हती.

मुंबईला ह्या सगळ्यातून लाभले ते १८९८ चे सिटी इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट. दाट वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले गेले. समुद्राची हवा शहरात शिरावी हा हेतू सांगितला जाई. हवा शिरली. ज्यांची बिऱ्हाडे पाडली, त्यांतील पुष्कळजण शेजारच्या गल्लीत पूर्वीपेक्षा अधिक दाटीने राहू लागले, कारण कामाच्या जागेपासून लांब जाणे त्यांना परवडणारे नव्हते.

चार कलमांचा तो कायदा मात्र टिकला. मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीत महाराष्ट्र सरकारने तोच लागू केला, मुंबईत आणि पुण्यातही. त्याच वर्षी केंद्राने त्यात दुरुस्ती केली. ती आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्यांना शिक्षा वाढवणारी होती. दाद मागण्याविषयीचे मौन तसेच राहिले. एक फरक मात्र पडला होता. १८९७ मध्ये कल्याणसारख्या ठाण्यांवर तपासणी होई, पण गाड्या चालू होत्या, आणि मुंबईच्या मजुराची सारी ताकद त्या गाडीत बसता येण्यात होती. २०२० च्या मार्चअखेर गाड्याच थांबल्या. माणसे नाशिकच्या रस्त्याने चालत निघाली. ८ मे रोजी पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. त्याच आठवड्यात, मजुरांसाठी सोडलेल्या गाड्या कर्नाटक सरकारने बांधकाम व्यावसायिकांशी झालेल्या बैठकीनंतर रद्द केल्या, आणि ओरड झाल्यावर दोन-तीन दिवसांत पुन्हा चालू केल्या.