तारणाचे घर आणि राहण्याचे घर

कर्जत आणि खालापूर या रायगडच्या डोंगराकडच्या दोन तालुक्यांत घराच्या पतीविषयी एक विचित्र अनुभव सर्रास येतो. गावठाणात सागवानी खांबांचे, कौलारू छपराचे, जाड भिंतींचे घर असते. तीन पिढ्यांचे पावसाळे त्याने काढलेले असतात. ते तारण ठेवून कर्ज मागायला गेले की बँक मान हलवते. रेल्वे स्टेशनजवळच्या नव्या इमारतीत मात्र प्लास्टर अजून वाळलेले नसते, तरी तिथल्या फ्लॅटला फारशी खळखळ न होता कर्ज मिळते.

जुने घर वाईट आणि नवे चांगले, असा याचा अर्थ नाही. मूल्यांकनाच्या अहवालात घराविषयी दोन प्रश्न असतात. पहिला, हे घर राहण्याजोगे आहे का? दुसरा, कर्ज बुडाले तर हे घर विकून पैसे वसूल होतील का? पहिला प्रश्न राहणाऱ्याचा, दुसरा पैसे देणाऱ्याचा. आपल्याकडे दुसऱ्या प्रश्नाने पहिल्याला कसे गिळले, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

सारा देईल ते मोजले

१८३०च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी जमीन मोजणी सुरू केली. पुढे तीच पद्धत मुंबई इलाख्यात सर्वत्र लागू झाली. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला, हद्दीचे दगड बसले, आकार ठरला. गावठाणावर मात्र सारा नव्हता. त्यामुळे नकाशात गावठाणाभोवती एक रेघ आली आणि रेघेच्या आतली घरे, अंगणे, बोळ तसेच मोकळे राहिले. सरकारला ज्यातून उत्पन्न होते ते मोजले गेले. माणूस जिथे झोपतो ती जागा राहून गेली.

स्वातंत्र्यानंतर १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही हीच चौकट टिकली. कलम १२६ नुसार गावठाणातल्या घरांच्या जागांची मोजणी साधारणपणे दोन हजारांवर लोकसंख्या असलेल्या गावांत व्हायची. लहान गावांना मिळकत पत्रिका नाही. त्यांच्याकडे उरला तो ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा उतारा, म्हणजे घरपट्टी कुणाच्या नावाने लागते याची नोंद. कर कोण भरतो हे त्यातून कळते, मालकी सिद्ध होत नाही. बँकेचा वकील नेमके याच ठिकाणी अडतो.

कर्जतच्या कागदांचा प्रवासही सरळ नाही. हा तालुका १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, मग कुलाब्यात आला, आणि १९८१ मध्ये कुलाब्याचाच रायगड झाला. एकाच घराच्या जुन्या दस्तांवर तीन जिल्ह्यांची नावे सापडू शकतात. त्यात वारसांची भर. नेरळ-दामतपासून खोपोलीजवळच्या हाळपर्यंतच्या मुस्लिम वस्त्यांत वडिलोपार्जित घरात मुलींचाही हिस्सा असतो. एक भाऊ मुंबईत, दुसरा आखातात, बहिणी सासरी. सगळ्यांच्या सह्या जमेपर्यंत कर्जाची गरजच निघून जाते.

कागद शत्रू नव्हे

या सगळ्या व्यवहाराची भाषा पाहा. मिळकत, सनद, नकाशा, हद्द, कब्जा, वारस, जामीन, तगाई हे अरबी मुळाचे शब्द मराठीत शतकानुशतके मुरलेले आहेत. घर, जमीन आणि कर्ज यांचा कारभार हिंदू-मुस्लिम रयतेने एकाच शब्दांत केला. म्हणून कागद ही कुणी परक्याने लादलेली गोष्ट आहे, असे म्हणण्यात अर्थ नाही.

कुरआनच्या सूरह बकरामध्ये कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी सविस्तर मार्गदर्शन आहे. मजकूर कर्ज घेणाऱ्याने सांगावा, तो असमर्थ असेल तर त्याच्या पालकाने सांगावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, असे तिथे म्हटले आहे. फिक्हमध्ये ‘खियार-उल-ऐब’ नावाचा हक्क आहे: मालात ऐब निघाला तर ग्राहकाला सौदा मोडता येतो. व्याजाचा प्रश्न वेगळा आणि मोठा आहे, तो इथे घेत नाही. पण लिहिण्याचा आणि तपासण्याचा हेतू दुबळ्या बाजूचे रक्षण हा आहे, एवढे यातून स्पष्ट होते. आजचा मूल्यांकन अहवाल कर्जदाराच्या खर्चाने होतो आणि पुष्कळदा त्याच्या हातीही पडत नाही. इथे हेतू उलटलेला दिसतो.

अमेरिकेने काय केले

सरकारच्या हमीवर घरकर्ज आणि त्यासाठी घराच्या स्थितीच्या ठरलेल्या अटी, या व्यवस्थेचे मोठे उदाहरण अमेरिकेचे आहे. महामंदीत लाखो घरे जप्तीला आली, तेव्हा १९३४ मध्ये तिथे कायदा झाला आणि फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ही संस्था उभी राहिली. ती स्वतः कर्ज देत नाही. बँकेने दिलेल्या कर्जाचा विमा उतरवते. बदल्यात तिने अटी घातल्या. घर सुरक्षित हवे, मजबूत हवे, पाणी आणि सांडपाण्याची सोय हवी. आजही तिथला तपासनीस छप्पर पाहतो आणि ते किमान दोन वर्षे टिकेल का, याचा अंदाज देतो. १९७८ पूर्वीच्या घरातला सोललेला रंग शिशाच्या भीतीने दुरुस्त करून घ्यावा लागतो. अशा अटींमुळे सामान्य माणसाच्या घराचा दर्जा सुधारला, हे मान्य करावे लागेल.

पण त्याच तपासणीच्या नियमपुस्तिकेत आणखी एक रकाना होता: शेजार. १९३०च्या दशकातल्या या पुस्तिकेने मिश्र वंशांच्या वस्तीला धोका मानले. काळ्या लोकांच्या वस्त्या नकाशांवर लाल रंगाने दाखवल्या गेल्या. तिथले घर कितीही भक्कम असले तरी हमी नाही. हमी नाही म्हणून कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून दुरुस्ती नाही, आणि दुरुस्ती नाही म्हणून पुढच्या तपासणीत घर खरोखरच मोडकळीला आलेले. घराची स्थिती लिहायच्या जागी माणसाची जात लिहिली गेली. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने हे बेकायदा ठरवले, तोवर दोन पिढ्या गेल्या होत्या.

नोव्हेंबर २००६

भारतात १९७० मध्ये हुडको, १९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांची एचडीएफसी आणि १९८८ मध्ये राष्ट्रीय आवास बँक सुरू झाली. गरिबांच्या घरकर्जाला सरकारी हमी देणारा पतहमी निधी २०१२ मध्ये आला. अमेरिकेतल्या व्यवस्थेच्या सर्वांत जवळ जाणारी आपली व्यवस्था हीच.

या प्रवासात नोव्हेंबर २००६ हा महिना लक्षात ठेवण्यासारखा आहे. दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना सांगितले की मंजूर नकाशाशिवाय घरकर्ज देऊ नये, बांधकाम नकाशाप्रमाणे झाल्याचा वास्तुविशारदाचा दाखला घ्यावा आणि अनधिकृत वसाहतींतल्या मालमत्तेला कर्ज देऊ नये. हेतू योग्य होता, आदेशाचे मूळ दिल्लीतल्या बेबंद बांधकामात होते. पण नियम देशभर लागू झाला. जिथे आजोबांनी गवंडी-सुतार बोलावून घर बांधले, त्या गावठाणात मंजूर नकाशा कुठून आणायचा?

त्याच महिन्यात सच्चर समितीने आपला अहवाल पंतप्रधानांना सादर केला. काही बँका ठरावीक भागांना ‘नकारात्मक क्षेत्र’ ठरवतात आणि तिथे कर्ज व इतर सेवा सहज देत नाहीत, याची नोंद त्यात आहे. रंगवलेला लाल नकाशा आपल्याकडे नसेल, पण पत्ता ऐकून फाईल बाजूला पडते, हा अनुभव मोहल्ल्यांत राहणाऱ्यांना नवा नाही. एकाच महिन्यातले हे दोन कागद शेजारी ठेवून वाचले की चित्र पूर्ण होते. पहिल्याने कागदाची अट कडक केली. दुसऱ्याने सांगितले की कागद पुरे असले तरी पत्ता आडवा येतो.

इर्शाळवाडी

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ: घर राहण्याजोगे आहे का? सरकारी योजनांत याची उत्तरे कागदावर आहेत. ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटरचे घर हवे. सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात आणि टप्प्याटप्प्याने जागेवरचे फोटो चढवावे लागतात. शहरी योजनेत पाणी, शौचालय, वीज आणि रस्ता या सोयींची अट आहे, घरावर घरातल्या बाईचे नाव असावे असाही नियम आहे.

पण घर ज्या जमिनीवर उभे आहे, तिचे काय? १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची ठाकरांची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. सुमारे ४८ घरे आणि २२८ माणसांची वाडी. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारने विधिमंडळात सांगितले. अवघ्या दोन वर्षांपूर्वी, २२ जुलै २०२१ ला, याच जिल्ह्यात महाडजवळचे तळीये असेच गाडले गेले होते.

इर्शाळवाडीत भिंतींची जाडी मोजून काही हाती लागले नसते. तिथे मोजायला हवा होता तो वरचा डोंगर. ज्या जमिनीतून वसुली नाही आणि जिच्यावर बँकेचा पैसा नाही, तिथे तपासणारा कधी पोहोचत नाही. गोल्डस्मिडच्या साखळीपासून आजच्या व्हॅल्युअरच्या टेपपर्यंत मोजमाप पैशाच्या मागे गेले आहे.

सनद मिळाली, पुढे काय?

२४ एप्रिल २०२० ला केंद्राने स्वामित्व योजना सुरू केली. ड्रोनने गावठाण मोजायचे आणि प्रत्येक घराला मिळकत पत्रिका व सनद द्यायची. महाराष्ट्राने त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात हा प्रयोग केला होता. दीडशेहून अधिक वर्षे रिकामा राहिलेला नकाशाचा भाग आता भरतो आहे. आपल्या गावाची चौकशी चालू असताना हजर राहणे, सगळ्या वारसांची, बहिणींचीही, नावे लागली का हे पाहणे, चूक असेल तर मुदतीत हरकत घेणे, हे प्रत्येक घराने केले पाहिजे. या कामात आळस केला तर पुढच्या पिढीला तो महाग पडेल.

मात्र सनद घर कुणाचे एवढेच सांगते. घर कसे आहे, आणि ते कुठे उभे आहे, हे सांगणारी व्यवस्था अजून व्हायची आहे. त्यासाठी मागण्या साध्या आहेत. मूल्यांकन अहवालाची प्रत कर्जदाराला हक्काने मिळावी. लाकूड, माती आणि कौलांच्या घराचे मूल्यमापन त्या बांधणीची जाण असलेल्या माणसाने करावे. कर्ज नाकारले तर कारण लेखी द्यावे, म्हणजे वस्तीचे नाव हे कारण होते का, ते उघड होईल. आणि सरकारी पैशाच्या प्रत्येक घरासाठी, मग ते कर्जाचे असो वा अनुदानाचे, उतार, ओढा आणि डोंगर यांची पाहणी सक्तीची असावी.

यातली शेवटची मागणी सर्वांत महत्त्वाची आहे. कर्ज बुडाले तर बँकेकडे तारण असते. घर बुडाले तर माणसाकडे काय राहते?